हवामानाचा वेगळा आराखडा नको

महाराष्ट्रात आराखड्यांचा दुष्काळ कधीच पडला नाही. गावाला ग्रामपंचायत विकास आराखडा आहे, शहराला विकास आराखडा, जिल्ह्याला वार्षिक योजना आणि आपत्ती व्यवस्थापनाची आणखी एक फाइल. गेल्या काही वर्षांत त्यात हवामान कृती आराखड्यांची भर पडली. कागद गुळगुळीत, नकाशे रंगीत, प्रस्तावना कुणा मोठ्या माणसाची. माझं म्हणणं एवढंच की या वेगळ्या आराखड्यांवर समाधान मानणं आता पुरे झालं. ज्या कागदावरून पैसे सुटतात, निविदा निघते आणि बांधकामाला परवानगी मिळते, त्याच कागदात पावसाचा, पुराचा आणि उन्हाचा विचार झाला पाहिजे. तिथे तो नसेल तर बाकी कुठेही असून उपयोग नाही.

मुंबईचंच बघा. मुंबई हवामान कृती आराखडा १३ मार्च २०२२ रोजी जाहीर झाला. महापालिकेची मुदत संपली होती ७ मार्चला. म्हणजे प्रभागाप्रभागात ज्यांनी त्यासाठी भांडायचं ते नगरसेवक आठवडाभर आधीच घरी गेले होते, आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासकाचा कारभार. शहराचा खरा नकाशा, म्हणजे कुठे किती मजले चढणार, कुठे मैदान राहणार, नाल्याला किती जागा सोडणार, तो २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्यात २०१८ सालीच मंजूर होऊन बसला होता. इमारतीची परवानगी मागायला कुणी गेला की टेबलावर उघडतो तो हा दुसरा कागद.

याच शहराने आकड्याची किंमत एकदा मोजलेली आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. शहराची पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था होती ताशी २५ मिलिमीटरच्या हिशेबाची, तीही समुद्राला ओहोटी असेल तर. हा हिशेब दुप्पट करून ५० वर न्या, असं ब्रिमस्टोवॅड या मुंबईच्या पर्जन्यजलवाहिनी प्रकल्पाचा अहवाल १९९३ सालीच सांगून गेला होता. त्यातलं बरंचसं काम अहवालातच राहिलं. २००५ नंतर त्या पुराच्या चौकशीसाठी नेमलेल्या चितळे समितीने पुन्हा तेच सांगितलं तेव्हा कुठे पंपिंग स्टेशनं आणि रुंद नाले दिसू लागले. अंदाजपत्रकात २५ च्या जागी ५० लिहिलं जाणं, हे त्या शहरात हवामानाशी जुळवून घेण्याचं सगळ्यात ठोस काम होतं. ९४४ मिलिमीटरच्या दिवशी ५० ने सुद्धा भागलं नसतं, हे खरं. पण एरवीच्या पन्नास पावसांत भागतं.

गावात हाच घोळ छोट्या मापात चालतो. कुठल्याही मोठ्या गावातल्या जुन्या गल्लीत उभं राहून घरांचे उंबरे बघा. गल्लीत आधी मुरूम होता. मग खडी-डांबर आलं. मग आमदार निधीतून काँक्रीट, आणि त्यावर वित्त आयोगाच्या पैशातून पेव्हर ब्लॉक. जुना थर उखडायचं कुणाच्या मनातही येत नाही, कारण उखडण्याच्या कामाचा फोटो चांगला येत नाही. दर खेपेला गल्ली चार-सहा इंच वर येते. ज्या घरात दोन पायऱ्या चढून जायचं, त्या घरात आता एक पायरी उतरून जावं लागतं. पूर्वी जमिनीत जिरणारं पाणी काँक्रीटवरून घरंगळत येतं आणि तासाभराच्या पावसात थेट माजघरात. मग घरमालक दाराशी सिमेंटचा वीतभर बांध घालतो, शेजारी बघून आणखी उंच घालतो, आणि गल्लीतलं सगळं पाणी ज्याला बांध घालणं परवडत नाही त्याच्याकडे जातं.

या कामाचं अंदाजपत्रक मागवून वाचा. लांबी, रुंदी, जाडी, दरसूचीप्रमाणे दर, सगळं असतं. रस्त्याची तयार पातळी शेजारच्या जोत्याच्या खाली राहील, आणि पाणी अमुक दिशेने तमुक ओढ्यात जाईल, एवढी दोन वाक्यं मात्र नसतात. ती घालायला पॅरिसच्या जागतिक हवामान कराराची गरज नाही. जुना थर काढायला जेसीबीचे काही तास लागतील आणि लेव्हल घ्यायला कनिष्ठ अभियंत्याला एकदा प्रत्यक्ष गल्लीत यावं लागेल.

पाऊस मात्र खरोखर बदलला आहे, हे इथे सांगायला हवं. नाहीतर हे सगळं जुन्याच गटार-पुराणासारखं वाटेल. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भूभागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. जुन्या पावसाच्या हिशेबाने टाकलेली रस्त्याखालची मोरी, नळकांडी पूल, बंधाऱ्याचा सांडवा, हे सगळं आता लहान पडणार. आज आपण जे बांधतोय ते तीस-चाळीस वर्षं टिकेल असं धरलेलं असतं. म्हणून हा विचार मूळ अंदाजपत्रकातच व्हायला हवा. मागाहून जोडलेल्या अहवालाला त्या सिमेंटच्या नळाचा व्यास वाढवता येत नाही.

कृष्णा-पंचगंगेच्या काठावरचा माणूस पावसाळ्यात फुटांत बोलतो. "राजारामला किती झालं?" "आयर्विनला किती?" आयर्विन म्हणजे सांगलीतला कृष्णेवरचा पूल. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, कोल्हापुरातल्या शाळकरी पोराला हे आकडे पाठ असतात. २०१९ साली पाणी ५५ फुटांवर गेलं. दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, पुन्हा त्याच घरांत शिरलं. नृसिंहवाडीच्या दत्त मंदिराने तर पाण्याशी कायमचा व्यवहार ठरवून ठेवला आहे. पाणी गाभाऱ्यातून वाहून दक्षिण दाराने बाहेर पडू लागलं की दक्षिणद्वार सोहळा, लोक स्नानाला गर्दी करतात. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वरच्या जागी हलवली जाते, पूजाअर्चा तिथे सुरू राहते. कोणी काय उचलायचं, कुठून न्यायचं, हे दरवर्षी नव्याने ठरवावं लागत नाही. देवस्थानाने पूर वर्षाच्या कामकाजात धरला आहे. त्याच नद्यांच्या काठावरच्या स्थानिक संस्थांच्या आराखड्यांत नदी बहुतेक वेळा येते ती घाट सुशोभीकरणापुरती.

कायद्यात सोय नाही, असंही म्हणता येत नाही. १९६६ च्या नगररचना अधिनियमात, कलम २२ मध्ये, विकास आराखड्यात काय काय असावं याची यादी आहे. पूर नियंत्रणाचे प्रस्ताव त्या यादीत आहेत. पाटबंधारे खातं नदीकाठी दोन रेषा आखतं. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी. दोन रेषांच्या मध्ये अटींवर परवानगी, आणि त्यातली महत्त्वाची अट म्हणजे जोतं लाल रेषेच्या पातळीहून उंच हवं.

अट वाचायला उत्तम आहे. प्रत्यक्षात जोतं उंच करायचं म्हणजे भराव टाकायचा. एका प्लॉटवर भराव पडला की तिथे पसरणारं पाणी शेजारी सरकतं. दहा प्लॉटवर पडला की ते मागच्या जुन्या वस्तीत जातं, जिथे पूर्वी कधी पाणी आलं नव्हतं. प्रत्येक परवानगी नियमात बसते आणि सगळ्या परवानग्या मिळून पूर दुसऱ्याच्या घरी पाठवतात. नियोजन म्हणजे या दहा परवानग्या एकत्र बघणं. आपल्याकडे नगररचना विभाग एकेक प्लॉट बघतो, पाटबंधारे खातं नदी बघतं, महसूल खातं पूर ओसरल्यावर पंचनामे करतं, आणि या तिघांची एकत्र बैठक पाणी ४३ फुटांवर गेल्यावर होते. शिवाय काठावरच्या माणसाने २००५, २०१९ आणि २०२१ असे सोळा वर्षांत तीन महापूर पाहिले आहेत. "शंभर वर्षांतून एकदा" हे शब्द त्याला सांगून बघा.

शहराच्या विकास आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातात. लोक येतातही, पण बहुतेक जण आपल्या सर्व्हे नंबरवर पडलेलं आरक्षण उठवायला. त्यांना वकील असतो, वास्तुविशारद असतो. ओढ्याच्या वतीने हरकत घ्यायला कोण येणार? पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा घरांत घुसला. त्या रात्रीच्या पावसाने शहर आणि परिसरात वीसहून अधिक बळी घेतले. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरची एकता नगरी पाण्यात गेली. खडकवासला धरणातून किती क्युसेक सोडले की आपल्या पार्किंगमध्ये पाणी येतं, हे तिथल्या सोसायट्यांच्या वॉचमनलाही आता कळतं. ही माहिती आराखड्याच्या नकाशावर यायला हवी, आणि ती येईल पावसाळ्यात फिरलं तर. नकाशासाठीचं सर्वेक्षण कोरड्या दिवसांत सोयीचं पडतं. मग ओढा कागदावर पातळ निळी रेघ होतो आणि पुढच्या सुधारणेत पाइप.

आता दुसऱ्या बाजूचं. "लोकांना विचारा, लोकांना सगळं माहीत असतं" असं म्हणणारा एक भाबडा वर्ग आहे, आणि समाजाधारित नियोजनाच्या कार्यशाळांत त्याची चलती असते. लोकांना पुष्कळ माहीत असतं. पण त्यांना माहीत असतो तो झालेला पाऊस. जो पाऊस आजोबांनीही पाहिला नाही, त्याबद्दल गावाची आठवण काय सांगणार? १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर समाजाची पिढ्यांची वस्ती. ती दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हती आणि वर्षानुवर्षं डोंगरावर राहणाऱ्यांच्या आठवणीनेही त्यांना खाली उतरवलं नाही. आधी २०१४ साली माळीण, २०२१ साली तळिये. आठवण आणि विज्ञान ही दोन्ही एकाच टेबलावर लागतात, आणि ते टेबल गावात हवं. भूवैज्ञानिकाने डोंगर पाहून तालुक्याला अहवाल द्यायचा आणि वाडीने तो कधीच वाचायचा नाही, असं चालून उपयोग नाही. घरामागच्या जमिनीला भेग पडली, झरा अचानक गढूळ झाला किंवा नव्या जागी फुटला, तर फोन कुणाला करायचा आणि रात्री कुठे जायचं, हे वाडीच्या आराखड्यात असलं पाहिजे. कुठे जायचं म्हणजे कुठल्या शाळेत, तिथे पाणी आणि संडास आहे का, आणि गुरांचं काय. गुरं सोडून माणूस हलत नाही, हे प्रत्येक तलाठ्याला ठाऊक आहे.

शिवाय लोक म्हणजे कोण? "आमचं गाव, आमचा विकास" म्हणत आपण ग्रामपंचायतीचा आराखडा लोकसहभागातून करतो. त्याची मोहीम सुरू होते २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून आणि चालते हिवाळाभर. आता मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांचं वेळापत्रक याच्या शेजारी ठेवा. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. म्हणजे बीडच्या एखाद्या तांड्यातली अर्धी माणसं फडात असतात तेव्हा त्यांच्या गावाचं पुढच्या वर्षाचं नियोजन ठरतं. ती परततात मे महिन्याच्या तोंडावर, जेव्हा विहिरी आटलेल्या असतात आणि ऊन ४२-४३ अंशांवर असतं. दुष्काळाची आणि उष्णतेची सगळ्यात जास्त झळ ज्यांना बसते, तेच आराखड्याच्या बैठकीला गैरहजर. यात कुणाचा दुष्टपणा नाही. वेळापत्रक ठरवताना कुणी ऊस बघितला नाही एवढंच. १ मेच्या ग्रामसभेत आराखड्याचा एक टप्पा ठेवला तर यातलं बरंच सुटेल. ओढ्याकाठच्या सखल जागेत वसलेल्या वस्त्यांचंही असंच आहे. आराखड्यात त्यांच्या वाट्याला समाजमंदिर येतं. ओढ्याला पाणी आल्यावर वस्तीतून बाहेर पडायला जो फरशी पूल लागतो, तो पुढच्या वर्षावर जातो.

पाण्याच्या बाबतीत आपल्याकडे पद्धत तयार आहे, ती पाळायची इच्छा नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावाचं नाव घेऊन घेऊन गुळगुळीत झालं आहे, तरीही घ्यावं लागतं. पावसाळा संपला की तिथे पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे येतो. पिण्याचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला, उरलेल्यात रब्बीचं काय ते ठरतं. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी, उसालाही बंदी. ताळेबंदाला तिथे दात आहेत. पोकरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, जागतिक बँकेच्या कर्जातून, २०१८ पासून ५,००० हून अधिक गावांत असे ताळेबंद मांडले गेले. आयआयटी मुंबईची मदत होती, शिवारफेऱ्या झाल्या, सूक्ष्म नियोजन झालं. काम चांगलं होतं. पण पैसा गेला मुख्यतः वैयक्तिक अर्जावर: कुणाला ठिबक, कुणाला शेडनेट, कुणाला पंप, कुणाला शेततळं. ताळेबंद सांगतो की गावात पाणी कमी पडतंय, आणि त्याच गावात उपसा वाढवणाऱ्या वस्तूंना अनुदान मिळतं.

प्लास्टिक अंथरलेलं शेततळं हा याचा नमुना. नाव शेततळं, पण प्लास्टिक असल्यामुळे ते जमिनीत एक थेंब मुरू देत नाही, आणि मोठं असलं की नुसत्या पावसाने भरतही नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विहिरीला पाणी असतं तेव्हा मोटर लावून ते भरून घेतात. सगळ्यांच्या पायाखालचं पाणी एकाच्या तळ्यात येऊन उन्हात वाफ होत राहतं. ज्याचं तळं आहे त्याच्या द्राक्षबागेला, मोसंबीला आधार मिळतो, हे मान्य. शेजाऱ्याची विहीर मात्र महिनाभर आधी तळ गाठते. दोघांची बेरीज कोण करणार? हवामानाशी जुळवून घेण्याचं काम माणसागणिक वाटून दिलं की जो आधी अर्ज भरेल तो जुळवून घेतो आणि बाकीच्यांचा दुष्काळ वाढतो. म्हणून हे काम गावाच्या एकत्रित आराखड्यातून व्हायला हवं: ताळेबंद तुटीचा असेल तर त्या वर्षी उपसा वाढवणाऱ्या कुठल्याही अर्जाला ग्रामसभेची मंजुरी नाही. एवढा एक नियम केला तरी गावात भांडणं होतील. होऊ देत, आज तीच भांडणं मे महिन्यात टँकरपुढे होतात.

पैशाची अडचण नेहमी पुढे केली जाते. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला ६० टक्के भाग बंधित होता, पाणी आणि स्वच्छतेसाठी. मुरवणं, साठवणं, सांडपाण्याचा निचरा, सगळं त्यात बसत होतं. ते पैसे ठिकठिकाणी आरओ प्लांटमध्ये आणि भूमिगत गटारांत गेले, ज्यांचं तोंड शेवटी कुठे उघडतं ते कोणी विचारलं नाही. वेगळा हवामान निधी आला तर हवाच आहे. पण तो येईपर्यंत जे खर्च होतंय ते उलट्या दिशेने खर्च होऊ नये, ही मागणी फार मोठी नाही. 'माझी वसुंधरा'सारख्या राज्य सरकारच्या पर्यावरण अभियानाने गावं आणि शहरं गुणांच्या स्पर्धेत उतरली, झाडं लागली, भिंती रंगल्या. बक्षिसाच्या रकमेने एखाद्या गल्लीची पातळी खाली आली असेल तर मला आनंदच होईल.

खरा विरोध येईल तो एका साध्या नोंदीला. आज सातबाऱ्याच्या इतर हक्कात सोसायटीचा बोजा दिसतो, बँकेचं कर्ज दिसतं, कुळाचं नाव दिसतं. ती जमीन निळ्या रेषेच्या आत आहे की लाल रेषेच्या, हे तिथे सहसा दिसत नाही. झोन दाखला, म्हणजे जमीन आराखड्यात कुठल्या पट्ट्यात येते याचा दाखला, काढणाऱ्याला कळतं. पण गुंठ्याने जागा घेऊन आयुष्याची पुंजी घालणारा गिरणीकामगाराचा मुलगा किंवा निवृत्त शिक्षक झोन दाखला काढतोच असं नाही. पूररेषेची, दरडीच्या धोक्याची आणि ओढ्याच्या मूळ पात्राची नोंद सातबाऱ्यावर आणि मिळकत पत्रिकेवर सक्तीची करावी, आणि खरेदीखतात ती वाचून दाखवल्याशिवाय नोंदणी होऊ नये. बिल्डर विरोध करतील हे सांगायला नको. पण त्यांच्या आधी विरोध करतील नदीकाठचे शेतकरी, कारण त्यांच्या जमिनीचा भाव एका रात्रीत पडेल, आणि त्यांचा राग रास्त असेल. शहराला पूर सामावून घ्यायला त्यांचं रान मोकळं हवं असेल तर शहराने त्याचे पैसे मोजले पाहिजेत: हस्तांतरणीय विकास हक्कातून (म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकामाच्या हक्कातून) द्या, वार्षिक भरपाईतून द्या, कसंही द्या. हा हिशेब विकास आराखड्याच्या आर्थिक प्रकरणात मांडायला बसलं की पहिल्याच बैठकीत आवाज चढतील. ती बैठक अजून कुठल्या नगरपालिकेने बोलावलेली माझ्या तरी पाहण्यात नाही.